संगीत शिक्षक संघात नव्याने सामील होताना

घरी गायनाची किंवा तबला-पेटीची शिकवणी सुरू करून वर्ष-दोन वर्षे झाली, की शिक्षकापुढे काही अडचणी हमखास उभ्या राहतात. मुलांना परीक्षेला कोणत्या केंद्रावरून बसवायचे, चार लोकांसमोर गायला बसवायचे तर साथीला कोणाला बोलवायचे, सभागृहाचे भाडे एकट्याने कसे परवडायचे, आणि शिकवताना काही अडले तर विचारायचे कोणाला, असे ते प्रश्न असतात. महाराष्ट्रातील अनेक जिल्ह्यांच्या व तालुक्यांच्या गावी शिक्षकांनी एकत्र येऊन यावर आपापले उपाय शोधलेले आहेत. कुठे नोंदणीकृत संघ असतो, तर कुठे दर महिन्याला कोणाच्या तरी घरी जमणारी सात-आठ जणांची बैठक असते. अशा संघात पहिल्यांदा जाणाऱ्याला उपयोगी पडावे म्हणून हा लेख लिहिला आहे. तो हिंदुस्थानी संगीत शिकवणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला आहे. गोव्यात आणि मुंबई-पुण्यात पाश्चात्त्य संगीत शिकवणाऱ्यांच्या परीक्षा आणि पद्धती निराळ्या असतात, त्यांचा विचार येथे केलेला नाही.

पहिली पायरी : संस्था कोणत्या प्रकारची आहे ते ओळखणे

एकाच गावात संगीताच्या तीन-चार तऱ्हेच्या संस्था असू शकतात आणि नवखा माणूस त्यांची गल्लत करतो. पहिली तऱ्हा गायन समाजाची किंवा म्युझिक सर्कलची. कोल्हापूरचा गायन समाज देवल क्लब १८८३ पासूनचा आहे. भास्करबुवा बखले यांनी पुण्यात १९११ साली भारत गायन समाज स्थापन केला. यांतील काही संस्था वर्गही चालवतात, पण सर्कल म्हटले की त्याचा मुख्य व्यवहार कलाकार आणि रसिक यांच्यातला असतो. दुसरी तऱ्हा परीक्षा घेणाऱ्या संस्थांची. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, १९०८ मध्ये ते मुंबईत आणले, आणि १९३१ साली त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही जी चढण आज घराघरांत माहीत आहे ती या मंडळाची. तिसरी तऱ्हा खाजगी विद्यालयांची, म्हणजे एका गुरूच्या किंवा एका घराच्या नावावर चालणाऱ्या वर्गांची.

शिक्षक संघ या तिन्हींहून वेगळा असतो. त्याचे सभासद एकमेकांचे स्पर्धक असतात, निदान फीच्या हिशेबाने तरी, आणि तरीही ते एकत्र येतात. कारण केंद्र, साथीदार, सभागृह आणि ऐकणारे लोक या चार गोष्टी एकट्या शिक्षकाच्या आवाक्यात नसतात. हे नीट ध्यानात घेतले नाही तर अपेक्षा चुकतात. पुष्कळ तरुण शिक्षक आपला परिचय, आपल्या मैफलींची छायाचित्रे आणि मिळालेल्या बक्षिसांची यादी घेऊन संघाकडे येतात, आणि दोन-तीन बैठकांत गाण्याचे निमंत्रण मिळाले नाही की येणे बंद करतात. त्यांनी सर्कलच्या कार्यक्रम समितीला भेटावे, त्यात कमीपणा काहीच नाही. संघात मात्र माणसाची ओळख तो स्वतः कसा गातो यापेक्षा त्याच्याकडची मुले कशी बसतात, कशी ऐकतात आणि सुरात लागतात का, यावरून होते. तेव्हा येथे गायक म्हणून न जाता शिक्षक म्हणून जावे, हे माझे स्पष्ट मत आहे आणि पुढच्या सगळ्या सूचना त्या मताला धरूनच आहेत.

दुसरी पायरी : सभासद होण्याआधी एक कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकणे

वर्गणी भरण्याची घाई करू नये. संघाचा एखादा विद्यार्थी-कार्यक्रम साधा श्रोता म्हणून ऐकावा, आणि पहिल्या मुलापासून आभारापर्यंत बसावे. तेवढ्या वेळात पुष्कळ गोष्टी आपोआप कळतात. वेळेवर सुरुवात होते का, प्रत्येक मुलाच्या नावाबरोबर त्याच्या गुरूचे नाव सांगितले जाते का, एखादे मूल अडखळले तर साथीदार त्याला सांभाळून घेतात की पुढे निघून जातात, आणि आपल्या विद्यार्थ्याचे झाल्यावर शिक्षक मंडळी बसून राहतात की चहाला उठतात, एवढे पाहिले तरी पुरे. जेथे शिक्षकच दुसऱ्याची मुले ऐकत नाहीत तेथे संघ नुसता कागदावर आहे असे खुशाल समजावे.

त्यानंतर सचिवांना भेटून साधी चौकशी करावी. वर्षाची वर्गणी किती आणि तिची पावती मिळते का, सभासद होण्यासाठी कोणाची शिफारस लागते का, सुगम संगीत, भजन, कथक किंवा बासरी शिकवणाऱ्यांनाही प्रवेश आहे का, बैठक कोणत्या वारी असते, हे आधीच विचारलेले बरे. बैठकीचा वार महत्त्वाचा आहे; शिकवण्या संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात असतात, म्हणून बहुतेक ठिकाणी रविवारी सकाळी जमतात, आणि रविवारी सकाळी ज्यांचे वर्ग असतात ते कायमचे बाहेर राहतात. तुमचा वर्ग त्याच वेळी असेल तर तो हलवता येईल का याचा विचार सभासद होण्याआधी करावा.

तिसरी पायरी : पहिल्या बैठका

पहिल्या बैठकीत ओळख करून देताना चार गोष्टी सांगाव्यात: कोणाकडे शिकलात, काय शिकवता, साधारण कोणत्या वयाची मुले येतात, आणि वर्ग गावाच्या कोणत्या भागात आहे. शेवटची बाब किरकोळ वाटते, पण त्याच पेठेत आधीपासून शिकवणारे कोणी बैठकीत बसलेले असतील तर त्यांना ती तुमच्याच तोंडून कळलेली चांगली. वडीलधाऱ्यांना त्या गावात ज्या नावाने हाक मारतात त्याच नावाने मारावी. कुणी बुवा असतात, कुणी ताई, कुणी बाई, आणि शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले बहुतेक सर असतात. कधी गाण्या-वाजवण्याचा प्रसंग आलाच तर ज्येष्ठांची अनुमती घेऊन सुरुवात करण्याची रीत अजून सर्वत्र आहे, आणि ती पाळायला काही खर्च येत नाही.

बैठकीत हिशेब आणि तारखा यांच्यापलीकडे काही चालत असेल तर ती सर्वांत मोलाची गोष्ट समजावी. चांगल्या संघांत दर खेपेला शिकवण्यातला एक प्रश्न चर्चेला घेतात. उदाहरणार्थ, नऊ-दहा वर्षांच्या मुलाला भूप शिकवून झाला आहे आणि आता देसकाराचे नाव निघाले आहे. दोन्ही रागांत स्वर तेच, सा रे ग प ध; मध्यम-निषाद (म, नि) दोहोंतही वर्ज्य, म्हणजे न लागणारे. वादी-संवादी, म्हणजे रागातले सर्वांत महत्त्वाचे दोन स्वर, पाठ करून घेतले की भूपाचा गंधार-धैवत (ग-ध) आणि देसकाराचा धैवत-गंधार हे मूल चटकन सांगते, पण गाताना दोन्ही राग एकसारखेच गाते. अशा वेळी कुणी शिक्षक सांगतात, की भूप गाताना मुलाला गंधारावर थांबायला लावावे आणि सगळी हालचाल मध्य सप्तकाच्या पूर्वार्धात ठेवावी. देसकार सुरू करताना मात्र पहिला दीर्घ ठहराव धैवतावर घेऊन तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या ‘सा’कडे, जावे आणि गंधाराला नुसते शिवून यावे. दुसरे कुणी म्हणतात, की देसकार एवढ्या लवकर घेऊच नये, भूप दोन वर्षे मुरू द्यावा. दोघेही आपापल्या अनुभवाने बोलत असतात. नव्याने आलेल्याने येथे वाद घालण्यापेक्षा आपल्या वर्गात घडलेले एखादे उदाहरण सांगावे. घराण्याचा अभिमान मात्र चप्पल काढतो तेथेच ठेवावा. ‘आमच्याकडे असे चालत नाही’ या एका वाक्याने अनेक बैठका बिघडतात.

मुलग्यांचा आवाज फुटण्याचा काळ हाही असाच प्रश्न आहे, आणि त्याबद्दल अनुभवी शिक्षकांना जरूर विचारावे. साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरून, मोकळा गाणारा मुलगा अचानक अडखळू लागतो, लाजतो आणि वर्ग सोडतो. या काळात जोर लावून जुन्याच पट्टीत गाऊन घेऊ नये. पट्टी उतरवावी, मंद्राकडचे, म्हणजे खालच्या सप्तकाकडचे, हलके स्वर घ्यावेत, ताल, लयकारी आणि श्रवण यांवर भर द्यावा, आणि परीक्षा एक सत्र पुढे ढकलावी. पालकांना हे एकट्या शिक्षकाने सांगितले तर ते दुसरा वर्ग शोधतात. संघाच्या पालक-सभेत दोन-तीन शिक्षकांनी मिळून सांगितले तर ऐकतात.

चौथी पायरी : दुसऱ्याचा विद्यार्थी आपल्याकडे आला तर

संघातली बहुतेक भांडणे पैशावरून होत नाहीत, विद्यार्थ्यांवरून होतात. मूल एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे जाणे हे स्वाभाविक आहे. घर बदलते, शाळेची वेळ बदलते, कधी पटत नाही. पण ते कसे जाते याला महत्त्व आहे. पालक तुमच्याकडे चौकशीला आले की सर्वांत आधी ‘सध्या कोणाकडे शिकतो?’ असे विचारावे. शिक्षक संघातलेच असतील तर पालकांनी त्यांना सांगितले आहे का याची खात्री करून घ्यावी, आणि प्रवेश देण्याआधी स्वतः एक फोन करावा. परवानगी मागण्याचा तो फोन नव्हे, मुलाचे काय काय झाले आहे हे समजून घेण्याचा आहे. आधीच्या शिक्षकांविषयी पालक जे बोलतील ते ऐकून घ्यावे, त्यात स्वतःची भर घालू नये आणि ते बैठकीत तर अजिबात आणू नये.

नव्या विद्यार्थ्याची वही पहिल्याच दिवशी उघडून पाहावी, कारण स्वरलेखनाच्या दोन पद्धती आपल्याकडे चालतात आणि त्यांच्या खुणा काही ठिकाणी एकमेकींच्या उलट आहेत. भातखंडे पद्धतीत स्वराच्या खाली टिंब म्हणजे मंद्र आणि वर टिंब म्हणजे तार सप्तक. पलुस्कर पद्धतीत वरचे टिंब मंद्राचे असते, आणि तार सप्तकासाठी स्वरावर उभी रेघ काढतात. पलुस्कर पद्धतीने लिहिलेला मंद्र निषाद भातखंडे पद्धतीच्या डोळ्यांनी वाचला तर तार सप्तकात जातो. मूल गोंधळले आहे, आधी नीट शिकवलेले नाही, असा निष्कर्ष काढून मोकळे होण्याआधी वही कोणत्या पद्धतीची आहे एवढे पाहिले तर आधीच्या शिक्षकावर अन्याय होत नाही.

संघाने फीचे दर ठरवावेत का, असा प्रश्न अधूनमधून निघतो. ठरवू नयेत असे मला वाटते. ज्याचा त्याचा अनुभव वेगळा आणि परिसर वेगळा. महिन्याच्या सुरुवातीला फी घेणे, मुलाने बुडवलेल्या तासांचे काय करायचे, मे महिन्याच्या सुट्टीत काय करायचे, अशा बाबतींत साधारण एकवाक्यता असली म्हणजे पुरे.

पाचवी पायरी : परीक्षा केंद्र समजून घेणे

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. अर्ज मात्र बरेच आधी भरावे लागतात, म्हणून केंद्राची शेवटची तारीख आणि आपल्या वर्गाची तयारी यांचा मेळ शिक्षकाने घालायचा असतो. केंद्र बहुधा एखाद्या विद्यालयाकडे किंवा शाळेकडे असते आणि संघाचे सभासद तेथे हात लावतात. नव्या शिक्षकाने पहिल्या सत्रात आपला एकही विद्यार्थी नसला तरी केंद्रावर एक दिवस मदतीला जावे. परीक्षक बाहेरगावचे असतात. त्यांच्यासमोर मुले कशी बसतात, राग विचारल्यावर आरोह-अवरोह म्हणून झाल्यावर पुढे काय विचारतात, हाताने टाळी-खाली दाखवून ठाय (मूळ लय) आणि दुगुण (दुप्पट लय) म्हणायला सांगितले की किती मुले हसून गप्प बसतात, हे डोळ्यांनी पाहिल्यावर शिकवण्याची दिशा बदलते. बंदिशी पाठ असलेली मुले तालात कच्ची असतात, हे परीक्षेच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसल्यावर जितके कळते तितके पुस्तकातून कळत नाही.

साथीचाही विचार आधी करावा. गाणाऱ्या मुलांना केंद्रावरच्या तबलजींबरोबर ऐनवेळी गावे लागते, आणि वर्षभर मोबाईलमधल्या ठेक्यावर रियाज केलेल्या मुलाला जिवंत तबल्याची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सापडत नाही. संघातल्या तबला शिक्षकांना विनंती करून परीक्षेआधी दोन-तीन वेळा मुलांना साथीबरोबर बसवावे, आणि त्या बदल्यात त्यांच्या तबल्याच्या मुलांना पेटीवर लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाएवढी पुन्हा पुन्हा वाजणारी धून, धरून द्यावा. तबला शिकवणाऱ्यांना स्थिर लयीत लेहरा धरणारे माणूस मिळणे किती अवघड असते याची गायन शिक्षकांना कल्पना नसते. अर्धा तास एकाच आवर्तनाचा लेहरा न डगमगता धरणारा शिक्षक संघात लवकर लाडका होतो.

दहावीच्या गुणांबद्दलही येथेच सांगितले पाहिजे. शासनाने मान्य केलेल्या संस्थांच्या ठराविक शास्त्रीय गायन-वादन-नृत्य परीक्षा उत्तीर्ण झालेल्या दहावीच्या विद्यार्थ्यांना वाढीव गुण मिळतात आणि त्यांचे प्रस्ताव शाळेमार्फत दहावीची परीक्षा घेणाऱ्या राज्य मंडळाकडे जातात. त्यामुळे आठवी-नववीत वर्गाला गर्दी होते आणि दहावी झाली की ती ओसरते. गुणांसाठी आलेल्या मुलाला हिणवू नये. त्यातले एखादे राहते. पण कोणत्या परीक्षेला किती गुण हे शिक्षकाने छातीठोकपणे सांगू नये. नियम बदलतात, म्हणून पालकांना शाळेत चौकशी करायला लावावी.

सहावी पायरी : गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम

संघाच्या वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत जास्त शिकवणारा उपक्रम गुरुपौर्णिमेचा असतो. आषाढी पौर्णिमेच्या आसपासचा एखादा रविवार धरतात. काही गावे ऑगस्टमध्ये पलुस्करांच्या जयंती-पुण्यतिथीच्या निमित्ताने असाच कार्यक्रम करतात, कारण त्यांचा जन्म १८ ऑगस्टचा आणि मृत्यू २१ ऑगस्टचा. नव्या सभासदाने या कार्यक्रमात एक ठरलेले काम मागून घ्यावे, आणि शक्य असेल तर क्रमपत्रिकेचे मागावे, कारण सगळी गुंतागुंत तेथे असते.

आधी वेळेचा हिशेब करावा. बारा शिक्षकांनी पाच-पाच मुले दिली आणि प्रत्येकाला सहा मिनिटे धरली तर सहा तास होतात. वर मूल उठून दुसरे बसणे, माईक खालीवर करणे, तबला लावून घेणे यांना एकेक मिनिट धरले तरी आणखी एक तास. सात तास कोणी बसत नाही. म्हणून प्रत्येक शिक्षकाला तीन मुलांची मर्यादा घालावी; तेव्हाही कार्यक्रम चार तासांच्या पुढे जातो. ज्यांची मुले अगदी लहान आहेत त्यांनी पाच-सहा जणांकडून एखादी सरगम किंवा लक्षणगीत (रागाची लक्षणे सांगणारे गीत) एकत्र म्हणवून घ्यावे. लहानांना एकट्याने बसण्याची भीती वाटत नाही आणि वेळही वाचतो.

क्रम लावताना शिक्षकांच्या नावाने लावू नये, पट्टीने लावावा. हे नवख्याला लवकर सुचत नाही. काळी चारच्या मुलींना मोठ्या तोंडाचा ढाला, म्हणजे खालच्या सुराचा, तबला लागतो आणि काळी एकमध्ये गाणाऱ्या मोठ्या मुलांना लहान तोंडाचा टिपेचा, म्हणजे वरच्या सुराचा. तबल्याच्या वाद्यांखालचे गट्टे (लाकडी ठोकळे) ठोकून एकच तबला थोडाफार वरखाली घेता येतो, पण काळी चारनंतर काळी एक, पुन्हा पांढरी पाच, पुन्हा काळी एक असा क्रम आला तर तबलजीचा निम्मा वेळ हातोडीतच जातो आणि सभागृहात बोलणे सुरू होते. सगळ्या शिक्षकांकडून विद्यार्थ्याचे नाव, राग, ताल आणि पट्टी आठवडाभर आधी लिहून घ्यावी, एका पट्टीची मुले सलग बसवावीत, आणि पट्टी बदलते तेथे चहा किंवा सत्कार ठेवावा म्हणजे त्या वेळात दुसरी जोडी लावून होते. ‘माझ्या वर्गाची मुले एकापाठोपाठ हवीत’ असा आग्रह एखादे ज्येष्ठ धरतील. त्यांना प्रत्येक मुलाच्या नावाआधी गुरूचे नाव घेतले जाईल असे सांगितले, आणि ते खरोखर घेतले, की बहुतेक आग्रह मावळतात.

आषाढ म्हणजे पावसाचे दिवस. दमट हवेत तबल्याची पुडी (तोंडावरचे चामडे) सैल पडते आणि सूर उतरतो. लावलेला तबला पाऊण तासाने पुन्हा पाहावा लागतो. वाद्ये कार्यक्रमाच्या तासभर आधी सभागृहात आणून ठेवावीत, त्यांना तेथल्या हवेची सवय होऊ द्यावी, आणि पंख्याच्या किंवा वातानुकूलनाच्या थेट झोताखाली ठेवू नयेत. वीज जाणे हेही गृहीत धरावे. सगळी भिस्त इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर असेल तर वीज जाताच षड्जच नाहीसा होतो. खरा तानपुरा एक जरी लावून ठेवला असला तर मूल माईकशिवायही गाणे पुरे करते, आणि अशा वेळी सभागृह विलक्षण शांतपणे ऐकते. कार्यक्रम उघड्या मांडवात असेल तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, हे शेवटच्या मोठ्या विद्यार्थ्यांच्या वेळा ठरवताना ध्यानात असू द्यावे.

आपल्या मुलाचे झाले की पालक त्याला घेऊन निघतात, ही तक्रार प्रत्येक गावात आहे. शेवटी गाणाऱ्या विद्यार्थ्याने बारा वर्षे मेहनत केलेली असते आणि त्याच्यासमोर रिकाम्या खुर्च्या उरतात. उपदेशाने यात फरक पडत नाही. दोन साधे उपाय लागू पडतात. प्रमाणपत्रे शेवटी द्यावीत, आणि कार्यक्रमाची सांगता सर्व मुलांच्या वृंदगानाने करावी, म्हणजे सकाळी गायलेल्या लहान मुलालाही शेवटपर्यंत थांबावे लागते. त्यासाठी वृंदगानाच्या दोन तालमी आधी घ्याव्या लागतात, आणि त्या घेण्याचे काम नव्या शिक्षकाने अंगावर घेतले तर गावातल्या सगळ्या मुलांशी त्याची ओळख होते.

साथीदारांचे मानधन आधी ठरवावे, पाकिटात घालावे आणि त्याच दिवशी द्यावे. तबला वाजवणारे संघाचेच सभासद आहेत म्हणून त्यांनी फुकट वाजवावे ही अपेक्षा चुकीची आहे. चार तासांत तीस-पस्तीस मुलांना सांभाळून घेणे ही एका मैफलीहून जास्त मेहनत असते. पैसे कमी असतील तर सत्काराचे नारळ, शाली आणि पुष्पगुच्छ कमी करावेत.

इतर उपक्रम

वर्षभर आणखीही बरेच काही चालते, पण त्याला फारशा सूचना लागत नाहीत. डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व महोत्सव असतो, १९५३ पासून आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवत आले आहे. मोठ्या विद्यार्थ्यांना एकत्र गाडी करून न्यावे. वाद्यदुरुस्तीचे कामही मिळून करता येते. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि जवारी काढायला (घोडी घासून तारांची गुंज नीट करायला) किंवा भोपळ्याची चीर भरायला पाच-सहा तानपुरे एकदम पाठवले तर प्रत्येकाची वेगळी खेप वाचते. शाळांच्या समूहगीत स्पर्धांना परीक्षक म्हणून बोलावणी येतात. जेथे आपलाच विद्यार्थी भाग घेत असेल तेथे आपण परीक्षक होऊ नये आणि दुसऱ्या सभासदाचे नाव सुचवावे.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत संघाचा नियम लेखी असावा. एकट्या मुलाचा वर्ग असला तर दार उघडे ठेवावे, पालकांना बसायचे असेल तर बसू द्यावे, आणि मुलांच्या चित्रफिती व छायाचित्रे पालकांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नयेत. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा पॉक्सो कायदा २०१२ पासून लागू आहे, आणि तक्रार आली तर ती आपसांत मिटवण्याचा विषय नाही, हे नव्या-जुन्या सर्व सभासदांना ठाऊक असले पाहिजे.

शेवटची पायरी : कार्यकारिणीत नाव आले तर

काम करणाऱ्या माणसाचे नाव दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वार्षिक सभेत कोणीतरी सुचवतेच, आणि बहुधा खजिनदारपदासाठी, कारण ते पद कोणालाच नको असते. होकार देण्याआधी संघाची कागदपत्रे पाहायला मागावीत. संघ अनौपचारिक असेल तर एक वही, एक स्वतंत्र बँक खाते आणि दोघांच्या सह्या एवढ्यावर भागते. पैसे कोणाच्याही खाजगी खात्यात ठेवू नयेत. नोंदणी करायची असेल तर १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली निदान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात त्याबरोबरच १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय कार्यालयात नोंद करावी लागते. वरकड खर्च आणि कागदपत्रे झेपणार नसतील तर दहा-बारा शिक्षकांच्या बैठकीने नोंदणीच्या भानगडीत पडू नये.

संघ आधीच नोंदणीकृत असेल तर तीन गोष्टी तपासाव्यात. दरवर्षीचा हिशेब तपासून घेऊन तो धर्मादाय कार्यालयात दाखल झाला आहे का, सभांची इतिवृत्ते सह्यांसह लिहिलेली आहेत का, आणि कार्यकारिणी बदलल्यावर बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात, तो भरला आहे का. हा अर्ज बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत द्यायचा असतो, आणि अनेक जुन्या संस्थांत तो वर्षानुवर्षे दिलेलाच नसतो. मग दिवंगत अध्यक्षांचे नाव दप्तरी तसेच राहते आणि बँक नव्या सह्या घेत नाही. असे आढळले तर पद स्वीकारण्याआधी जुने अर्ज मार्गी लावण्याचा ठराव सभेत मंजूर करून घ्यावा, त्याच्या खर्चाची तरतूद त्याच ठरावात लिहावी, आणि ठरावाची सही-शिक्क्यानिशी प्रत आपल्याकडे ठेवून मगच खजिनदार म्हणून पहिली पावती फाडावी.